उचलून ओढायचं दार

डॉक्टरबाईंच्या जुन्या दवाखान्याचं दार महाहट्टी होतं. बाहेरून आत यायला काही नाही, ढकललं की झालं. पण आतून बाहेर जायचं तर पितळी मूठ दोन्ही हातांनी धरा, दार जरासं वर उचला आणि मग आपल्याकडे ओढा, एवढा व्यायाम केल्याशिवाय ते कुणाला सोडत नसे. नवखा पेशंट त्याच्याशी अशी झोंबाझोंबी करी की बघणाऱ्याला वाटावं, हा खोकला दाखवायला आला होता आणि खांदा निखळवून घरी चाललाय. जुने पेशंट सरावलेले होते. ते मूठ धरत, दाराकडे तोंड करून जरा थांबत, आणि मग उचलून ओढत.

ते दार आता नाही. दवाखाना जिन्याखालच्या खोलीतून उठला आणि रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत, तळमजल्यावर आला. भिंती पांढऱ्या, फरशी गुळगुळीत, बाहेर बसायला एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, आणि तपासणीच्या खोलीला दुधी काचेचं सरकतं दार. माणूस जवळ आला की ते आपोआप "श्शू" करून बाजूला होतं.

दार दिलं धाकट्याने. धाकटा म्हणजे डॉक्टरबाईंचा भाऊ. त्याचा धंदाच सरकत्या दारांचा. दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं, गावातलं अर्धं येणंजाणं त्याच्या दारांतून चालतं, असं तो स्वतःच सांगतो. ताईच्या नव्या दवाखान्याला त्याने आपलं सगळ्यात भारी दार बसवलं आणि पहिल्या दिवशी पाहुण्यांसमोर छाती फुगवून म्हणाला, "याला हात लावायचाच नाही. नुसतं मनात आणायचं, आता निघावं. उघडलंच."

"आणि मनात नसलं तर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तरी उघडतं कधीकधी. ते मी पुढच्या आठवड्यात सेट करून देतो."

धाकट्याचा पुढचा आठवडा ही एक वेगळीच चीज आहे. तो येतो म्हणतात, पण अजून कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे दार आपल्या मर्जीने वागत राहिलं. पेशंटने खुर्चीत नुसता पायावर पाय टाकला तरी उघडायचं. एकदा एक शाळामास्तर जीभ बाहेर काढून, डोळे वर करून "आ" करत बसलेले असताना उघडलं, तेव्हा समोर त्यांच्याच वर्गातली दोन मुलं आपापल्या आयांच्या मांडीला टेकून बसली होती. मास्तरांनी जीभ आत घेतली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तरी दार गुणी होतं, हे मान्य करावं लागेल. वॉकर घेऊन येणारे आजोबा सुसाट आतबाहेर करायला लागले. कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी, अशा आयांना तर ते वरदानच. आणि मुख्य म्हणजे दवाखाना वेळेवर चालायला लागला. पेशंट उठला की दार उघडं, तो बाहेर, पुढचा आत. सिस्टर, म्हणजे दवाखान्याच्या नर्सबाई, ज्यांनी इतकी वर्षं आपला डबा कायम थंडगार खाल्ला होता, त्या आता चक्क गरम भाजी खायला लागल्या. "मॅडम," त्या म्हणायच्या, "मला वाटायचं माझ्या हातालाच चव नाही. गरम खाल्लं तर बरी असते की."

सगळं छान चाललं होतं आणि डॉक्टरबाई मात्र दिवसेंदिवस कोमेजत चालल्या होत्या.

का, ते त्यांनाच कळेना. काम कमी नव्हतं, जास्तही नव्हतं. सर्दी, खोकला, टाच. टाच, खोकला, सर्दी. पेशंट येत, दुखतं ते दाखवत, गोळ्या घेत, हसून जात. पूर्वी त्या घरी यायच्या तेव्हा घसा बसलेला, पोट रिकामं, उशीर झालेला, पण डोळ्यांत काहीतरी लकाकत असायचं. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायच्या, "आज एका माणसाने मला असं काही सांगितलं ना," आणि पुढे कुणाचं नाव न घेता, गाव न सांगता, फक्त मान हलवत राहायच्या. आता त्या दिवेलागणीच्या आत घरी, हातपाय धुऊन, गप्प.

लेकीने एकदा दप्तर आवरता आवरता टोकलंच. "आई, तू हल्ली वेळेवर येतेस आणि तोंड पाडून येतेस. त्यापेक्षा उशिरा ये बाई."

"दमते मी."

"पूर्वी दमायचीस. आता तुला कंटाळा येतो. मला फरक कळतो, मी गणिताच्या तासाला रोज बघते."

डॉक्टरबाईंनी तिच्या हातातलं दप्तर घेतलं आणि त्या स्वतःच ते आवरायला लागल्या. पोरगी खरं बोलत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांना त्यातलं कारणही कळल्यासारखं वाटत होतं. लोक आता मला काही सांगत नाहीत. टाच दाखवतात, पण सांगत काही नाहीत. म्हणजे माझ्यातलंच काहीतरी संपलं. कान गेले असतील, माया गेली असेल, नाहीतर वय झालं असेल. फॅमिली डॉक्टरकडे यंत्रं नसतात, मोठाली ऑपरेशनं नसतात. लोक विश्वासाने काहीतरी सांगतात, तेवढीच त्याची मिळकत. तीच बंद झाली, तर गोळ्या काय, कुणीही देईल.

अशा वेळी नेमका कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. ती एका विमा कंपनीच्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर होती. त्यांना एक अनुभवी डॉक्टर हवी होती. टेबलाशी बसायचं, आलेले रिपोर्ट वाचायचे, बरोबर की चूक ते ठरवायचं.

"आणि पेशंट?"

"एकसुद्धा नाही," मैत्रीण म्हणाली. "आजारी माणसाचं तोंडसुद्धा बघायला नको. शुक्रवारी दुपारपर्यंत सांग, मग मला दुसऱ्या बाईला हो म्हणावं लागेल."

डॉक्टरबाईंनी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. फक्त तोंडाने म्हणायचं राहिलं होतं.

गुरुवारी सकाळी बसचे ड्रायव्हर आले. शहर बस चालवणारा हा आडदांड माणूस डॉक्टरबाईंच्या अगदी पहिल्या पेशंटांपैकी. आवाज असा की त्यांच्या गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं. हल्ली त्यांच्या फेऱ्या फार वाढल्या होत्या. आधी अंगठ्याचं नख घेऊन आले, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. मग डोक्यातला कोंडा घेऊन आले, जो शोधूनही सापडेना. आज म्हणाले, कानात मळ साठलाय.

डॉक्टरबाईंनी कानात बत्ती टाकून बघितलं. "कान लख्ख आहे तुमचा."

"दुसरा?"

"तोही. घरी कुणी साफ करून देतं का?"

"नाही नाही. बरं. मग येतो मी."

ड्रायव्हर उठले. आता खरं म्हणजे दार "श्शू" करायला हवं होतं, पण त्याच क्षणी पंख्याने सुस्कारा सोडला, दिवा विझला आणि खोलीत दुधी काचेतून येईल तेवढाच उजेड राहिला. वीज गेली होती. ड्रायव्हर दारापुढे जाऊन उभे राहिले. दार ढिम्म. ते एक पाऊल मागे आले, परत पुढे गेले, एक हात हलवून बघितला.

"वीज गेलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "याची बॅटरी पुढच्या आठवड्यात येणार आहे. थांबा जरा, सिस्टर बाहेरून चावीने सरकवतील."

बाहेरून सिस्टरचा आवाज आला. "मॅडम, चावी धाकट्या साहेबांनी कुठे ठेवलीय?"

"टेबलाच्या खणात बघा."

"खणाची चावी कुठाय?"

झालं. आता वेळ लागणार. ड्रायव्हर पाठमोरे उभे होते. धरायला काही नाही म्हणून त्यांनी आपला रुंद पंजा काचेवर टेकवला. आणि मग ते काचेला म्हणाले, "डॉक्टर, तसं काही नाही. पण एक होतं."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. जिन्याखालच्या त्या खोलीत हा सूर त्यांनी किती तोंडांतून ऐकला होता. "तसं काही नाही, पण." "जाता जाता एक विचारायचं होतं." "हसाल तुम्ही." प्रत्येक वेळी पाठमोरं, प्रत्येक वेळी दाराशी. आणि अशा वेळी काय करायचं तेही त्यांना हाडामांसात माहीत होतं. हलायचं नाही. "बसा" म्हणायचं नाही. हातातलं पेनसुद्धा खाली ठेवायचं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या.

"संध्याकाळच्या फेरीला पुढच्या गाडीचे दिवे दुप्पट दिसतात," ड्रायव्हर म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "दोनाचे चार. रस्त्यावरची पांढरी रेघपण, एकीच्या दोन होतात. मग मी एक डोळा मिटतो आणि चालवतो."

डॉक्टरबाईंनी आवाज सपाट ठेवला. "कधीपासून?"

"नखाच्या आधीपासून."

"मग नख दाखवायला आलात तेव्हा का नाही बोललात?"

"त्याचसाठी तर आलो होतो. उठलो, म्हटलं आता बोलावं, तर दार उघडलं. समोर सगळी मंडळी माझ्याकडे टकामका बघतायत. त्यात आमच्या डेपोचा कंडक्टर बसलेला."

"आणि कोंड्याच्या वेळी?"

"तेव्हापण उघडलंच." त्यांनी पंजा काचेवरून फिरवला. "जुन्या दाराचं कसं होतं, मूठ धरली की बोलून टाकायचं. तुमच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही. तुम्ही काही वाईट बोललात तर आपण दार ओढत असतो, कामात असतो. इथे म्हणजे खुर्ची, नाहीतर रस्ता. मधे काही नाहीच."

डॉक्टरबाई उठल्या, खिडकीचा पडदा सारला आणि ड्रायव्हरना उजेडात बसवलं. एक डोळा झाकायला सांगितला. एक बोट दाखवलं, तर एकच दिसलं. हात काढला, तर दोन. मग म्हणाल्या, छताकडे बघत राहा, मी सांगेपर्यंत पापणी लववू नका. ड्रायव्हर बघत राहिले आणि बघता बघता त्यांची डावी पापणी खाली यायला लागली. दुपारी दुकानदार शटर ओढतो तशी, अर्ध्यावर थांबून, मग आणखी थोडी.

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या मालकीचा वाटला. "मला एका आजाराचा संशय आहे. स्नायू लवकर थकतात, पापणीचे आधी. तपासण्या करून पक्कं करायचं. तो असला तर त्यावर गोळ्या आहेत, चांगल्या आहेत. नसांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, तुम्ही इथून थेट तिकडे जायचं. पण आज गाडी नाही."

"संध्याकाळची फेरी तेवढी."

"आज नाही, उद्या नाही, मी हो म्हणेपर्यंत नाही."

"नोकरी जाईल डॉक्टर. या भीतीनेच तर गप्प होतो."

"तुमच्या डेपोच्या डॉक्टरांशी मी बोलते. तोवर तुम्हाला तिकीट खिडकीवर बसवा म्हणते. तुमचा आवाज बघता खिडकीची काच तेवढी फुटेल, ती त्यांनी सोसावी."

ड्रायव्हर हसले. मग तोंड पंजाने पुसलं, डोळेही पुसले, आणि हसू कुठलं नि बाकीचं कुठलं ते दोघांनीही विचारलं नाही.

सिस्टरला एव्हाना चावी मिळाली होती. दार हातभर सरकलं आणि अडकलं. ड्रायव्हर पोट आत घेऊन, आडवे होऊन बाहेर निसटले.

डॉक्टरबाईंनी नसांच्या डॉक्टरांना फोन केला, डेपोला फोन केला, आणि मग त्या अडकलेल्या दाराकडे बघत बसल्या. त्यांना एकेक आठवायला लागलं. जुन्या दाराशी एका धडधाकट माणसाने सांगितलं होतं की त्याला आंघोळ करताना रडू फुटतं आणि थांबत नाही. एका सासूबाईंनी सांगितलं होतं की त्या जेवण लपवून टाकून देतात, गिळवत नाही म्हणून. एक नवी नवरी मूठ धरून इतका वेळ उभी राहिली होती की शेवटी काही न बोलता गेली, आणि आठवड्याने परत येऊन, तीच मूठ धरून बोलली. यातलं खुर्चीत बसून कुणीच काही सांगितलं नव्हतं. खुर्चीत सगळ्यांना टाचच होती.

आणि आपण समजत होतो, आपले कान गेले. कान कसले गेले, दार गेलं.

हे लक्षात आलं आणि त्या एकट्याच खुदकन हसल्या. पण लगेच दुसरं लक्षात आलं, की गेल्या काही महिन्यांत आणखी कितीजण उठले असतील, तोंड उघडलं असेल आणि दाराने त्यांना बाहेर लोटलं असेल. मास्तर सर्दी घेऊन दोनदा आले होते. दोनदा. त्या माणसाला कधी साधी शिंक येत नाही. डॉक्टरबाईंनी धाकट्याला फोन लावला.

"उद्या सकाळी ये. दार बदलायचंय."

"बॅटरी ना? पुढच्या आठवड्यात."

"बॅटरी नाही. आणि उद्या म्हणजे उद्या. नाही आलास तर आईला सांगेन, तुझ्या दाराने मास्तरांची जीभ वर्गाला दाखवली."

धाकटा शुक्रवारी दवाखाना उघडायच्या आत हजर झाला. हत्यारांची पेटी घेऊन, पण तोंड फुगवून. ताईने काय हवंय ते सांगितलं तसं ते आणखी फुगलं.

"म्हणजे आपोआप उघडायला नको."

"नको. हाताने उघडायचं. वॉकरवाल्या आजोबांसाठी आणि बाळवाल्या आयांसाठी बाहेर सिस्टरकडे बटण ठेव. त्यांना काही सांगायचं असलं तर मी बटण दाबू देणार नाही. बाकी सगळ्यांनी मूठ धरून ओढायचं. आणि दार जड हवं."

"ताई, लोक माझ्याकडे दार हलकं करायला येतात. जड करून द्या म्हणणारी तू पहिली. किती जड?"

डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. "एक वाक्य बोलून होईल इतकं."

धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला. "मीटरमध्ये सांगतात लोक. किलोमध्ये सांगतात. वाक्यात आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

मग त्यांनी त्याला सांगितलं. कुणाचं नाव नाही, धंदा नाही, फक्त एवढंच, की एक माणूस तीनदा आला आणि दोनदा तुझ्या दाराने त्याला बोलू दिलं नाही. आणि तो बोलला नसता तर त्याचं एकट्याचं नाही, पुष्कळांचं वाईट झालं असतं. धाकटा ऐकत राहिला. मग पेटीच्या तळातून त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जुन्या दाराची पितळी मूठ.

"तुझ्याकडे कशी?"

"लाकूड कुजलं होतं, ते टाकलं. ही टाकवली नाही. आपण नवीन दार बसवतो ते ठीक, पण चांगल्या मुठी हल्ली मिळत नाहीत." एवढं बोलून तो कामाला लागला, जणू काही बोललाच नव्हता.

बाहेर खुर्च्या भरत होत्या. उशीर होत चालला होता. सिस्टरने आत डोकावून सगळी गत बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे आजपासून माझी भाजी परत थंड."

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि माझी पण. नाइलाज आहे."

"तरी म्हटलं सुख फार दिवस टिकतंय," असं पुटपुटत सिस्टर गेल्या, पण जाताना मूठ आपल्या पदराने पुसून गेल्या.

काम संपलं. धाकट्याने दार बंद केलं, चारदा उघडलं, कुठेतरी आणखी एक पेच आवळला, आणि म्हणाला, "घे. बघ ओढून."

"मी कशाला? मी इथेच बसणार. तू बघ. खरंच निघाल्यासारखा निघ, तर कळेल."

धाकट्याने पेटी उचलली. दारापाशी गेला. पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग खालीच ठेवली आणि मूठ दोन्ही हातांनी धरली. दार लगेच हललं नाही. हलायचंच नव्हतं. त्याने ओढलंही नाही. तो तसाच, पाठमोरा उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवायला हात पुढे केला होता. तो त्यांनी जागच्या जागी थांबवला.

"ताई," धाकटा दाराला म्हणाला, "तसं काही नाही. पण सिग्नलला माझा डोळा लागतो."

त्यांनी हात तसाच ठेवला.

"लाल दिवा असतो. जाग येते तेव्हा मागचे सगळे हॉर्न वाजवत असतात. आठ आठ तास झोपूनसुद्धा. आणि ही म्हणते, घोरता घोरता मी मधेच गप्प होतो. एकदम बंद. मग ती उठून बसते आणि वाट बघते, परत कधी सुरू होतोय. तिला झोप नाही मुळी. मला वाटलं, घोरण्याचं काय सांगायचं तुला, हसशील."

हा माणूस दर रविवारी त्यांच्या घरी जेवायला येत होता. भात दोनदा वाढून घेत होता, भाचीची वेणी ओढत होता आणि सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगत होता. सगळे त्याची चेष्टा करत होते. डॉक्टरबाईसुद्धा.

दाराबाहेरून सिस्टरने हाक दिली. "मॅडम, त्या विमावाल्या मैत्रिणीचा फोन आहे. काय ठरलं, विचारतायत."

"सांगा, डॉक्टर पेशंट बघतायत."

"मग नंतर करायला सांगू?"

"नको. एवढंच सांगा. ती ओळखेल."

धाकटा वळला नव्हता. मूठ अजून त्याच्या हातातच होती, आणि मानेमागचा भाग लहानपणी चोरी पकडली की व्हायचा तसा लाल झाला होता. "दार ठीक आहे ना पण?" त्याने विचारलं.

"दार अगदी हवं तसं झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि समोरची खुर्ची पायाने जराशी पुढे सरकवली. "आता ये इकडे. झोपेत श्वास अडतोय तुझा, गळा बघू दे."